विश्लेषण : ऑनलाइन खेळातल्या घोड्याचे नखरे आणि आपल्या खिशाचा हिशेब

खेळातला घोडा घरात शिरत नाही, मागून फटका बसला की स्वाराला खाली पाडतो आणि कधी हत्तीएवढे जनावर कोंबड्याच्याच वेगाने धावते. ऐकायला हे गमतीचे वाटते. पण यातली प्रत्येक लहर कोणीतरी विचार करून ठरवलेली असते आणि तिचा संबंध खेळणाऱ्याच्या वेळेशी, अनेकदा पैशाशीही असतो. तो कसा?

‘काका, बैल घ्यावा का घोडा?’ परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीला भावाच्या घरी गेलो होतो, तेव्हा अकरावीतल्या पुतण्याने हा प्रश्न विचारला. पोळा तोंडावर होता. मला वाटले, घरात बैलजोडीचा विषय निघाला आहे. मी भाव सांगू लागलो तर त्याने हसून मोबाइल पुढे केला. बैल मोबाइलमध्ये होता. ‘अल्बियन ऑनलाइन’ नावाच्या खेळात त्याला एका गावाहून दुसऱ्या गावाला माल न्यायचा होता. घोडा लवकर पोहोचवतो, पण ओझे कमी उचलतो. बैल भरपूर ओझे नेतो, पण वाटेत लुटारू भेटला तर पळता येत नाही. माल मोंढ्यात नेताना आमच्या आजोबांनीही असाच विचार केला असता. मला त्या प्रश्नाचे कौतुक वाटले.

दोन महिन्यांनी त्याच घरातून वहिनींचा फोन आला. धाकट्या पुतण्याने, जो आठवीत आहे, दुसऱ्याच एका खेळात चमकत्या पंखांचा घोडा घेतला होता. पैसे वडिलांच्या मोबाइलवरून गेले होते आणि सोयाबीनच्या काढणीसाठी ठेवलेल्या रकमेतून गेले होते. रक्कम फार मोठी नव्हती, पण काढणीच्या दोन मजुरांची दिवसाची मजुरी त्यात निघाली असती. मुलगा रडवेला होऊन एवढेच म्हणत होता, ‘तो आजच मिळत होता, उद्या बंद होणार होता.’

एकाच घरातली दोन मुले, दोघांनाही खेळातले जनावर हवे होते. एकाला त्या जनावराने विचार करायला लावले, दुसऱ्याला विचार करायला वेळच दिला नाही. हा फरक कुठून येतो, हे समजून घ्यायचे तर आधी त्या जनावरांच्या लहरी पाहाव्या लागतील.

‘माउंट’ म्हणजे काय?

हजारो लोक एकाच वेळी इंटरनेटवरून एकाच काल्पनिक जगात वावरतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, त्या पात्राची ताकद हळूहळू वाढते. अशा खेळांना ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणतात. या जगात अंतरे मोठी असतात. पायी जायला वेळ लागतो म्हणून स्वारीचे जनावर मिळते. त्यालाच माउंट म्हणतात. ते घोडा असू शकते, वाघ, पक्षी, ड्रॅगन किंवा बैलही असू शकते.

यातला सर्वांत प्रसिद्ध खेळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये आला. तेव्हा पात्राची चाळिसावी पातळी गाठेपर्यंत खेळाडूला पायीच हिंडावे लागे. चाळिसाव्या पातळीला मिळणारे जनावर पायी चालण्यापेक्षा ६० टक्के वेगवान होते. साठाव्या पातळीला मिळणारे १०० टक्के, म्हणजे दुप्पट वेगाचे होते. त्यासाठी खेळातलेच सोने साठवावे लागे आणि त्यात कित्येक आठवडे जात. म्हणूनच जुने खेळाडू आपला पहिला घोडा विसरत नाहीत.

हे जनावर इतके विचित्र का वागते?

पहिली लहर म्हणजे घोडा खिशात मावतो. बटण दाबले की एक-दोन सेकंदांत तो पायाखाली प्रकट होतो आणि उतरले की नाहीसा होतो. त्याला गोठा लागत नाही, वैरण लागत नाही. हजारो खेळाडूंचे हजारो घोडे बाजारचौकात बांधून ठेवले तर सगळ्यांचाच मोबाइल किंवा संगणक अडखळेल, हे त्यामागचे साधे तांत्रिक कारण.

दुसरी लहर म्हणजे घोडा घरात किंवा गुहेत येत नाही. वॉरक्राफ्टमध्ये बंदिस्त जागेत बहुतेक ठिकाणी स्वारी चालत नाही. अरुंद जागेत मोठे जनावर भिंतीत घुसलेले दिसेल, हे एक कारण. दुसरे असे की गुहेतली लढाई टाळून कोणी भरधाव शेवटपर्यंत पोहोचू नये. त्याच खेळात पाठीमागून फटका बसला की स्वार भोवंडतो आणि खाली पडतो. सुरुवातीच्या काळात खोल पाण्यात शिरले तरी घोडा नाहीसा होत असे.

तिसरी लहर सगळ्यांत मजेची. त्या खेळात केसाळ महाकाय हत्ती आहे आणि कोंबडाही आहे. सारख्या दर्जाची स्वारी असेल तर दोघांचा वेग सारखाच. वेग जनावराच्या अंगात नसतो, तो स्वाराने शिकलेल्या कौशल्यात असतो. जनावर हा फक्त पोशाख.

‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ या खेळात तर हे अधिकच उघड दिसते. तिथे तबेल्यात जाऊन घोडेस्वारीचा धडा घ्यायचा असतो. एका धड्याला खेळातली २५० नाणी लागतात आणि एक धडा घेतला की पुढचा २० तासांनीच मिळतो. वेग, दम आणि ओझे या तीन गुणांचे प्रत्येकी ६०, असे एकूण १८० धडे. क्षणही न दवडता घेतले तरी १५० दिवस लागतात. ज्याला एवढे थांबायचे नसेल, त्याच्यासाठी खेळाच्या दुकानात हेच धडे खऱ्या पैशांनी मिळतात.

इथे थोडे थांबायला हवे. २० तासांची वाट कोणत्याही तांत्रिक अडचणीतून आलेली नाही. ती मुद्दाम घातलेली आहे. वाट पाहायला लावणारा आणि वाट चुकवायचे पैसे घेणारा एकच आहे.

मग सगळ्याच लहरी वाईट का?

नाही आणि हे सांगणे गरजेचे आहे. कारण आपल्याकडे मोबाइलवरच्या खेळांची चर्चा बहुतेक वेळा ‘पोरे बिघडली’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते.

पुतण्याचा बैल घ्या. बर्लिनच्या एका कंपनीने बनवलेला अल्बियन ऑनलाइन जून २०२१ पासून मोबाइलवर खेळता येतो. त्यात वासरू किंवा शिंगरू विकत घ्यायचे, आपल्या कुरणात ठेवायचे, शेतात पिकवलेले त्याला खाऊ घालायचे, ते मोठे झाले की खोगीर बनवणाऱ्याकडे न्यायचे, तेव्हा कुठे ते स्वारीचे होते. जनावरावरून उतरले तर ते थोडा वेळ तिथेच उभे राहते. त्याच्याजवळ राहिले तर पटकन पुन्हा बसता येते, लांब गेले तर पुन्हा बोलवायला वेळ लागतो आणि त्या वेळात शत्रू गाठतो. धोक्याच्या प्रदेशात मेले तर अंगावरचे सामान आणि जनावर दोन्ही जाते. तिथेही पैसे भरून ‘प्रीमियम’ होता येते आणि त्याचे फायदे मिळतात, हे खरे. पण बैल आणि घोडा यांतली निवड पैशाने सुटत नाही. ती डोक्याने करावी लागते.

‘गिल्ड वॉर्स २’ या खेळाने २०१७ मध्ये स्वारीची जनावरे आणली, तेव्हा प्रत्येकाला वेगळा गुण दिला. एक लांब उडी मारते, एक उंच उडी मारते, एक पाण्यावरून तरंगत जाते. कुठे कोणते जनावर काढायचे, हेच कोडे. ‘ब्लॅक डेझर्ट ऑनलाइन’मध्ये तर नर-मादीची पैदास करून चांगल्या प्रतीचा घोडा मिळवता येतो. तिथला घोडा शिट्टी ऐकू येईल इतक्याच अंतरावरून येतो, त्यामुळे त्याला फार लांब सोडून गेले तर पायपीट ठरलेली. त्या खेळातले अनेक जण घोड्याला गोल वाटेवर सोडून रात्री झोपून जातात. सकाळपर्यंत घोडा फेऱ्या मारून शिकलेला असतो. वीजबिल वाढते, पण घोडा हुशार होतो!

यात नियम सगळ्यांना सारखे असतात, चुकीची किंमत मोजावी लागते आणि मिळालेल्या गोष्टीमागे मेहनत असते. अशी लहर खेळाला खोली देते. खटकते ती दुसऱ्या प्रकारची लहर. तिच्यात अडचण आधी निर्माण केली जाते आणि मग तिचा उतारा विकला जातो.

दुकान कधी उघडले?

एप्रिल २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या खेळाच्या कंपनीने घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले. तो खेळ ऑनलाइन नव्हता, पण शोभेच्या वस्तूला वेगळे पैसे मागणारे हे सुरुवातीचे गाजलेले उदाहरण. तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी त्याची टर उडवली. अनेकांनी टर उडवता उडवता विकतही घेतले.

एप्रिल २०१० मध्ये वॉरक्राफ्टने तारकांसारखा चमकणारा घोडा २५ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने अकराशे रुपयांच्या आसपास विकायला ठेवला. त्या खेळाचे मासिक शुल्क खेळाडू आधीच भरत होते, तरी खरेदीसाठी ऑनलाइन रांग लागली.

यानंतरची गोष्ट एका डायनासोरची आहे. २०१८च्या सुमारास वॉरक्राफ्टमध्ये पाठीवर लिलावघर घेऊन चालणारे एक अवाढव्य जनावर आले. किंमत खेळातली ५० लाख नाणी. पुढे ते विक्रीतून काढून टाकले. ज्यांच्याकडे होते ते मिरवू लागले, नसलेले हळहळले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच जातीचे सोनेरी जनावर मर्यादित काळासाठी परत आले, या वेळी ९० डॉलरला. म्हणजे साडेसात हजार रुपये! आधी टंचाई, मग हळहळ, मग विक्री. बाजारात कांद्याचे असे झाले तर आपण त्याला साठेबाजी म्हणतो.

उडण्याचेही तसेच. २००७ मध्ये त्या खेळात उडती जनावरे आली आणि लोकांना त्यांची सवय झाली. २०१४च्या नव्या भागात उडणे बंद ठेवले. कंपनीचे म्हणणे होते की उडणारा खेळाडू जमिनीवरचे जग पाहतच नाही. म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण दिलेली सोय काढून घेतल्यावर लोक चिडले आणि २०१५ मध्ये, नव्या प्रदेशात बरीच कामे पूर्ण करण्याच्या अटीवर, उडणे परत मिळाले. यातून एक गोष्ट दिसते. खेळाडू एकत्र बोलले तर कंपन्या ऐकतात.

नशिबाच्या पेटीतला घोडा

नोव्हेंबर २०१७ मध्ये गिल्ड वॉर्स २ ने जनावरांची तीस नवी रूपे आणली, पण आवडेल ते निवडायची सोय दिली नाही. पैसे भरायचे आणि तिसांपैकी कोणते निघेल ते निघेल. खेळाडू भडकले. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख माइक ओ’ब्रायन यांना खुलासा करावा लागला आणि पुढची रूपे सुटी किंवा ठरलेल्या संचात विकण्यावर भर राहील, असे त्यांनी सांगितले.

अशा पेट्यांचे गणित मुलांना एकदा कागदावर दाखवावे. समजा, हवा तो घोडा निघण्याची शक्यता शंभरात एक आहे. मग शंभर पेट्या उघडल्या की तो मिळणारच, असे वाटते. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडूनही घोडा न मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे शंभर-शंभर पेट्या उघडणाऱ्या तीन जणांपैकी एखादा तरी रिकाम्या हातानेच उठण्याची शक्यता मोठी. चीनने मे २०१७ पासून ही शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगारच ठरवले.

घोडा नेमका कोणाचा?

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मराठवाड्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या घोडे घेत आले. घेणारा दात पाहून वय ओळखतो, भोवरे बघतो, चालवून पाहतो, मग भाव ठरतो. घोडा एकदा घरी आणला की तो आपला. तो आजारी पडतो, खातो, म्हातारा होतो, पण विकता येतो. पुढच्या वर्षी यात्राच भरली नाही म्हणून दावणीचा घोडा नाहीसा होत नाही.

खेळातल्या घोड्याचे तसे नाही. पैसे भरल्यावर आपल्याला मिळतो तो वापराचा परवाना. खेळ बंद झाला, खाते बंद झाले किंवा कंपनीचा करार मोडला की घोडा गेला. जानेवारी २०२३ मध्ये दोन कंपन्यांमधला करार संपला आणि चीनमधले वॉरक्राफ्टचे सर्व्हर बंद झाले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधली दीड वर्षे लाखोंची जनावरे कुलपात होती. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरसह ५४ अ‍ॅपवर बंदी आली. त्या खेळांत घोड्यांऐवजी पोशाख आणि गाड्यांची रूपे विकली जात. प्रश्न मात्र तोच होता : भरलेल्या पैशांचे काय?

कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की, मिळणार असेल फक्त परवाना, तर विक्रेत्याने तसे स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असे म्हणू नये. आपल्याकडेही असे व्हायला हवे. दुकानाच्या बटणावर ‘खरेदी’ऐवजी ‘वापरायला घ्या’ एवढे मराठीत लिहिले, तरी अनेक बोटे थबकतील.

आपला कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ मात्र चालू राहिले. घोडा विकणारे खेळ बहुतेक या दुसऱ्या गटात येतात, कारण तिथे जिंकून रोख रक्कम मिळत नाही. म्हणजे आठवीतल्या मुलाने घेतलेल्या चमकत्या घोड्याचा प्रश्न या बंदीने सुटत नाही.

दुसरे दोन आधार आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अशा तेरा प्रकारांची यादी आहे आणि ‘आत्ताच घ्या, नाहीतर संपेल’ अशी खोटी घाई करणे हा त्यातलाच एक. दुसरा आधार जुना आहे. १८७२च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करायला पात्र नाही आणि १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. पैसे परत मागताना हा मुद्दा मांडता येतो. परतावा आपोआप मिळत नाही, त्यामुळे लवकर हालचाल करणे महत्त्वाचे.

माझे मत असे की, सरकारने तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. किंमत रत्ने, मोहरा, नाणी अशा आडून न दाखवता थेट रुपयांत दाखवावी. पेटी असेल तर त्यात काय निघण्याची किती शक्यता आहे, ते पैसे भरण्याआधी दिसावे. आणि खाते अल्पवयीनाचे असेल तर प्रत्येक खरेदीला पालकांची मंजुरी लागावी. यातली एकही गोष्ट खेळाची मजा कमी करत नाही.

घरात काय करता येईल?

मोबाइलच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय असते. ती चालू करावी. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. रिचार्जपुरताही नाही. चुकून पैसे गेले तर लगेच, शक्यतो त्याच दिवशी, अ‍ॅप स्टोअरकडे परताव्याची मागणी करावी, पावतीचा स्क्रीनशॉट ठेवावा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

खेळणाऱ्याने पैसे भरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे जनावर मला खेळून मिळू शकते का? ते घेतल्याने खेळण्याची पद्धत बदलते, की फक्त रंग बदलतो? आणि ही घाई माझी आहे, की दुकानाची?

झरीतल्या त्या घरात शेवटी भावाने चांगला मार्ग काढला. मोबाइल काढून घेतला नाही. धाकट्याला थोरल्याशेजारी बसवले आणि दोघांना मिळून वासरू वाढवायला सांगितले, एकही रुपया न भरता. वासरू मोठे व्हायला वेळ लागतो म्हणून धाकटा कुरकुरला. मग वडिलांनी त्याला गोठ्यात नेले आणि विचारले, ‘हे केव्हा मोठे झाले, तुला आठवते का?’

मागच्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. त्यांचा बैल वाटेत लुटला गेला होता. तो चिडला होता, पण रडत नव्हता. पुढच्या वेळी माल निम्माच भरायचा आणि घोडा न्यायचा, असे त्याचे ठरले होते.